यांना ओळखता का?

दवाखाना बंद करून दातांचे डॉक्टर घरी बसले, तेव्हापासून त्यांच्याकडे चिटपाखरू फिरकलं नव्हतं. दिवसभर भिंतीकडे बघून उसासे टाकणारा सासरा सुनेला बघवेना, म्हणून तिने त्यांना एका नव्या सोशल साइटवर खातं काढून दिलं. साइटने लगेच गावातले शेकडो फोटो समोर मांडून विचारलं, यांना ओळखता का?

डॉक्टरांनी एकेक फोटो मोठा करून पाहिला. "यातलं कुणीच ओळखीचं नाही गं."

"बाबा, अर्धं गाव तुमचं पेशंट होतं."

"असेल. पण सगळ्यांनी तोंडं मिटलीयत."

तरी त्यांनी सरसकट सगळ्यांना मैत्रीची विनंती धाडली. कुणी हूं की चूं केलं नाही. सुनेने त्यांचा फोटो उघडला. त्यात ते छान हसत होते.

"असं हसताना तुम्हाला कोणत्या पेशंटने पाहिलंय?"

तिने त्यांना मास्क चढवायला लावला, हातात टॉर्च दिला, स्वतः आरामखुर्चीत आडवी झाली आणि खालून वर फोटो काढला.

तो टाकायचा अवकाश, फोन थरथरायला लागला. "डॉक्टर, तुम्ही होय," म्हणत जो तो विनंती स्वीकारत होता आणि सोबत आ वासलेला फोटो पाठवत होता. "जरा बघता का, ही दाढ सारखी ठणकते."

सून ओशाळली. "नसता ताप झाला, बाबा. बंद करू का खातं?"

डॉक्टर एकेक जबडा डोळे भरून पाहत होते.

"थांब गं. किती दिवसांनी ओळखीचे चेहरे दिसतायत."