पाठ टेकली

"तालमीत पाठ टेकली म्हणजे गडी हरला. आम्ही न्हाई झोपत, मॅडम!" सर्जेराव हसला आणि बाकीचे पैलवानही भिंतीलगत उभे राहिले. दवाखान्यातर्फे डॉक्टरांबरोबर तालमीत मोफत ईसीजी काढायला आलेल्या केतकीसमोरची खाट रिकामीच राहिली.

शेवटी साठीचे वस्ताद स्वतः आडवे झाले. "बघा रं, टेकली पाठ. आभाळ कोसळलं का?" पोरांनी शिट्ट्या मारल्या. केतकीनं त्यांच्या छातीवर वायरी लावल्या. कागदावरची रेष वर चढली, ती खाली यायलाच तयार नव्हती. वायर सैल असेल म्हणून तिनं सगळ्या काढून पुन्हा लावल्या. रेष तशीच निघाली.

"वस्ताद, छातीत दुखतंय?"

"छे! सकाळपासनं पित्तानं जळजळतंय नुसतं."

तिनं कागद पुन्हा पाहिला. हा हार्ट अटॅक होता. वस्ताद उठू लागले, तसे तिनं त्यांचे खांदे दाबून धरले आणि डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी कागद पाहिला, वस्तादांना गोळी चावायला दिली आणि अ‍ॅम्ब्युलन्समधून ते त्यांना घेऊन गेले. आता कुणी शिट्टी वाजवत नव्हतं.

दोन तासांनी डॉक्टरांचा फोन आला. "वेळेत पोचलो. रक्तवाहिनी मोकळी झाली. आणि वस्ताद विचारताहेत, बाकीची पोरं आडवी झाली का?"

केतकीनं मान वर केली. एकही पैलवान घरी गेला नव्हता. सर्जेराव पुढं आला. त्यानं शर्ट काढला आणि खाटेवर पाठ टेकवून तो छताकडं बघत राहिला.