घरचं माणूस

फुलवाल्याने शेवटचं पुष्पचक्र टेम्पोतून उतरवलं, लाकडी घोडीवर टेकवलं आणि कमरेवर हात ठेवून रांगेकडे पाहिलं. मयताला पाठवतात तीच ही पांढऱ्या शेवंतीची, माणसाएवढ्या उंचीची चक्रं. पण समोर ना दवाखाना होता, ना मयतघर. होती ती काचेची उंच इमारत, पोरींना गायला-नाचायला शिकवून बाजारात उभं करणाऱ्या कंपनीची.

"बाई, गेलंय तरी कोण?" त्याने विचारलं.

"कंपनीची लाज," ओक्जू म्हणाली.

तो खो खो हसला. "हल्ली सोल शहरात तुमच्यासारखंच गिऱ्हाईक जास्त. पण मयत म्हटलं की रीत आली. मयताला दोन नमस्कार, मग घरच्या माणसाला एक. इथे घरचं माणूस कोण?"

"मीच समजा."

गंमतीतच बोलली ती, पण बोलून तिला बरं वाटलं.

खरं तर आज इथे घोळका हवा होता. काल संध्याकाळपर्यंत चाहत्यांच्या ग्रुपवर सगळ्या नुसत्या गर्जत होत्या, कंपनीला धडा शिकवू म्हणून. सकाळी एकीची परीक्षा निघाली, एकीला ताप आला, बाकीच्यांनी फोनच उचलला नाही. ओक्जूने मात्र औषधाच्या दुकानातून रजा काढली होती. चाळिशीची बाई असल्या गाण्यांसाठी रजा काढते हे तिथे कळलं असतं, तर सगळे फिदीफिदी हसले असते. हसोत बापडे. रोज जेवताना तिच्या समोर कोण असतं, ते त्यांना काय ठाऊक? भाताच्या वाटीला टेकवून ठेवलेला फोन असतो, आणि फोनमध्ये युनसुल असते.

'दालबित' या गाणाऱ्या गटाच्या पाच पोरींत युनसुलचा गळा सगळ्यांत गोड. तरी दर गाण्यात तिच्या वाट्याच्या ओळी कमी होत गेल्या. मग तिला मागच्या कोपऱ्यात ढकललं, आणि नव्या गाण्यात तर ती दिसलीच नाही. तब्येतीमुळे विश्रांती, म्हणे. तब्येतीमुळे! हे असलं निवेदन लिहिणाऱ्याच्या डोक्यात खोकल्याची बाटली घालावी, असं ओक्जूला वाटे. म्हणून ही चक्रं. फितींवरचा मजकूर तिनेच सांगितला होता. युनसुलचा आवाज मारला. युनसुलला परत आणा. प्रत्येक फितीवर ठळक काळ्या अक्षरांत युनसुलचं नाव.

बाजूचं दार उघडलं. लांब काळा कोट घातलेली, तोंडावर मास्क लावलेली एक मुलगी बाहेर आली. मास्क असला म्हणून काय झालं! ओक्जूने चाल लगेच ओळखली. युनसुल!

"ही बघ तुझी माणसं," मागून आलेला कंपनीचा माणूस म्हणाला. "तूच सांग त्यांना काय ते. आणि लवकर आटप." तो दारातच उभा राहून फोन चाळू लागला.

युनसुल एकेक फीत वाचत रांगेच्या टोकापर्यंत आली.

"ताई, तुम्ही एकट्याच?"

मनातल्या मनात इतकी वर्षं तिला 'अगं' म्हणणाऱ्या ओक्जूच्या तोंडून 'तुम्ही' निघालं. "नाही, नाही. तुमच्यासाठी सगळ्या येतायत. वाटेतच आहेत."

युनसुलने रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"काल फुलांच्या दुकानातून नेटवर फोटो टाकला होतात ना?" ती म्हणाली. "आमच्या गावात कुणीतरी तो आजीला दाखवला. पांढरी शेवंती आणि माझं नाव. ती रडत मला बघायला निघालीच होती. फोनवर माझा आवाज ऐकूनही पटेना तिला. शेवटी तिचं आवडतं गाणं म्हटलं, तेव्हा कुठे पटलं की मी आहे."

"अगं बाई!" ओक्जूने तोंडावर हात ठेवला. "देवाशपथ, असं नव्हतं मनात. यांना लाज वाटावी म्हणून..."

"माहीत आहे मला. माझ्यासाठी दुसरं कोण आलंय?" युनसुलने मास्क काढला. फोनमध्ये दिसायची त्याहून ती खूप लहान दिसत होती. "पण आता काही पाठवू नका. काल कंपनी सोडतेय म्हणून सही करून दिली मी. आज गावी चाललेय. गाणं संपलं माझं."

"मग मी काय करू?" ओक्जू बोलून गेली, आणि आपण हे काय विचारलं म्हणून कानापर्यंत लाल झाली.

युनसुलने मास्क खिशात घातला. कोट सावरून ती फुटपाथवर गुडघ्यांवर बसली आणि हातांवर कपाळ टेकून नमस्कार केला. कार्यक्रमाच्या शेवटी या पोरी प्रेक्षकांना असाच नमस्कार करतात. ओक्जूने तो फोनवर कितीदा तरी पाहिला होता. पण तेव्हा तोंड प्रेक्षकांकडे असतं. युनसुलचं तोंड फितींकडे होतं.

ती उठली.

एकच पुरे गं, ओक्जू मनात म्हणाली. आता नको वाकूस.

युनसुल पुन्हा वाकली. टेम्पोजवळ फुलवाल्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मग युनसुल ओक्जूकडे वळली आणि तिला एक नमस्कार केला.

रीतीप्रमाणे तो परत करायचा असतो. ओक्जू बसली. गार फरशीवर तिने कपाळ टेकलं. समोरची पावलं दूर गेली, दार वाजलं, तरी कपाळ तिला उचलवेना.