आलेखावरचा उंचवटा

प्लुटोनियमच्या द्रावणातून प्रकाश सोडला की आलेखावर एका जागी बारीकसा उंचवटा येई. डॉ. कारखानिसांनी तीस वर्षांपूर्वी तो शोधला आणि प्लुटोनियमचाच म्हणून जगापुढे मांडला. त्यांची शेवटची विद्यार्थिनी सुनीती चार वर्षं त्यावरच काम करत होती. गेल्या महिन्यात तिने ताजं, शुद्ध केलेलं द्रावण घेतलं, तर उंचवटा गायब. तो मुळी प्लुटोनियमचा नव्हताच; जुन्या साठ्यात प्लुटोनियमपासून आपोआप तयार होणाऱ्या अमेरिसियम या दुसऱ्याच मूलद्रव्याचा होता.

नुकत्याच निवृत्त झालेल्या सरांना हे सांगायचं कसं, या धास्तीतच ती त्यांच्या घरी गेली. दोन्ही आलेख तिने टीपॉयवर शेजारी शेजारी ठेवले. "सर, माझं काही चुकलं असेल तर..."

सरांनी चष्मासुद्धा शोधला नाही. "तुझं चुकलेलं नाही. मला हे अठरा वर्षांपूर्वीच दिसलं होतं."

आपण भलतंच ऐकलं, असं सुनीतीला वाटलं. "मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

"तोवर तिघांना त्यावर पीएचडी मिळाली होती. मला पुरस्कारही."

"आणि मला तोच विषय दिलात?"

सर खिडकीकडे बघत म्हणाले, "तू हुशार होतीस. वाटलं, तू तरी शोधून काढशील."

चार वर्षं हा माणूस दर सोमवारी तिचे आलेख तपासून "छान" म्हणत होता. तिने कागद गोळा केले. निघताना दरवेळी ती त्यांच्या पाया पडत असे. आज तिचं अंग वाकेचना.

"लिही सगळं," सर मागून म्हणाले. "माझ्या नावासकट लिही."

"लिहिणारच आहे," ती म्हणाली आणि चपला हातात घेऊनच जिना उतरली.