पिवळी भेंडी

टोकावड्याच्या मळ्यात गोदीने नवं बियाणं लावलं, तर मेली भेंडी हळदीसारखी पिवळी उगवली. पानाला हिरवा ठिपका म्हणून नाही, तरी रोपं कमरेएवढी फोफावली.

उपटताना गोदीला शिसारीच आली. देठ अंगासारखे कोमट होते, आणि त्यांतून शेंबडासारखी तार निघून हाताला चिकटली. किती धुतलं तरी बुळबुळ जाईना.

आठवड्यात तिचे डोळे पिवळे पडले. कावीळ उतरवणाऱ्या यमाजीबाबांनी तिचे तळहात परातीवर धरून त्यांना चुना चोळला आणि तांब्यातलं पाणी वरून ओतलं.

"पिवळं पानी उतरंल. भिव नको गो."

परातीत हिरवंगार, बुळबुळीत पाणी पडलं. कच्च्या पाल्याचा भपकारा आला. गोदीने तोंड फिरवलं.

"बाबा, पुरं करा!"

बाबांनी तांब्या उपडा करून दाखवला. तो केव्हाच रिकामा झाला होता.

परात भरतच होती.