हिंगणीच्या विहिरीतलं शौर्य

सकाळी अकरा वाजता वर्ध्यात हवालदार प्रेमदास यांना शौर्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. हिंगणीच्या विहिरीत बुडणाऱ्या शेतकरी नानाजींना त्यांनी वाचवलं, असं निवेदकाने वाचून दाखवलं.

खरं तर नानाजी पंपाची जाळी साफ करायला विहिरीत उतरले होते. ते बुडताहेत असं वाटून प्रेमदासांनी उडी घेतली, आणि आपल्याला पोहता येत नाही हे त्यांना पाण्यात पडल्यावर आठवलं. नानाजींनीच त्यांना पट्ट्याला धरून वर काढलं. गावकरी धावत आले तेव्हा काठावर ओली माणसं दोन आणि वर्दी एकाच्याच अंगावर, त्यामुळे कोणी कोणाला वाचवलं हे कोणी विचारलंच नाही.

"नानाजी, इथं काई बोलू नका बाप्पा," मंचावर शेजारी बसलेल्या नानाजींच्या कानाशी प्रेमदास कुजबुजले.

"मी काऊन बोलू, साहेब? शाल तं मलेबी भेटली."

प्रेमदासांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मोठ्या साहेबांनी माइकवर जाहीर केलं, "उद्या सकाळी सातपासून आपल्या चाळीस नव्या शिपायांना प्रेमदास पोहणं शिकवतील."



दुपारी चारपर्यंतची माहिती अशी की, प्रेमदास कंबरेला रिकामा डबा बांधून नानाजींसोबत त्याच विहिरीत उतरले आहेत, पण पायरी त्यांनी अजून सोडलेली नाही.