आईनं कसं भागवलं

शालीकचं नागपूरहून पत्र आलं होतं. त्याला मी कित्येक दिवस उत्तर दिलं नव्हतं. "लढाईमुळे सगळंच महागलं. त्यात तुमच्या सुनेला धान कांडायला गिरणी लागते, सरपण विकत लागतं. तुमच्या मास्तरकीच्या पगारात आईनं कसं भागवलं, ते तिला लिहून कळवा."

मी जुने भाव लिहायचो आणि चुकले असतील असं वाटून कागद फाडायचो. शेवटी बायको वैतागली.

"भाव कायले लिहून राहिले जी? धान मी कांडत होती, सरपण मी डोक्यावर आणत होती. कसं भागलं ते माह्या कमरेले विचारा."



आज उत्तर टपालात टाकलं: "सूनबाईला गिरणीतच जाऊ दे." खाली सहीच्या जागी तिच्या सासूचा अंगठा आहे.