पलीकडच्या बाजूचा खेळ

"जिंकल्यावर तुला काय हवं?"

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून मी हे रिकाम्या खुर्चीला विचारलं. चांगलं ठसक्यात!

शिक्षकांच्या संपामुळे आठवडाभर शाळा बंद होती. आईबाबा दोघंही हॉस्पिटलमध्ये कामाला. इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या त्या करड्या दुपारी मी एकटीच कॅरम खेळायचे. इकडून पांढऱ्या सोंगट्या मारायच्या, मग उठून पलीकडे जायचं आणि काळ्या मारायच्या. मस्त वेळ जायचा.

पण आठवडाभर काळ्याच जिंकत होत्या. "स्वतःशीच चीटिंग करत्येस, बावळट!" माझी मैत्रीण मंजिरी फोनवर हसली होती.

आज खुर्चीला तो प्रश्न विचारून मी खेळायला लागले आणि माझा नेम चुकला. मी उठून पलीकडे गेले, तर खुर्चीची गादी गरम होती.

मी उभीच राहिले. बोर्डवर स्ट्रायकर आपोआप सरकला. राणी गेली. पाठोपाठ शेवटची काळी सोंगटी गेली.

संध्याकाळी आईबाबा आले.

"अगं, खांद्यावर पावडरीची ही बोटं कुणाची?" आई झटकायला लागली. ती निघेनात.

"आई, बाबा, माझं ठरलंय," मी म्हणाले. "सोमवारी शाळा सुरू झाली तरी मी जाणार नाही. आता मी घरीच राहणार, कॅरम खेळत."